निर्दोष नमुना

उजेड आधी नळीच्या काठावर नुसता टेकला. आत शिरला नाही. पूर्वेच्या खिडकीचे तावदान वरच्या अर्ध्या भागात दुधी काचेचे होते, त्यामुळे सकाळचे ऊन प्रयोगशाळेत येई ते खालच्या अंगाने, बुटक्या दारातून वाकून आत येणाऱ्या उंच पाहुण्यासारखे — आधी ओट्याच्या पोलादी कडेवर एक बारीक रेघ ओढी, मग हातमोज्यांच्या खोक्यावर चढे, तिथे क्षणभर विसावे, आणि मग स्टँडमधल्या नळ्यांच्या रांगेला एका टोकाकडून शिवत शिवत पुढे सरके, घाई न करता, कुणालाही न वगळता, जणू त्याच्या लेखी सगळ्यांचे रक्त सारखेच. लाल, पिवळी, जांभळी टोपणे एकामागून एक पेटत. भिंतीवर त्यांच्या सावल्या पडत त्या मात्र बिनरंगाच्या. रोजचेच होते हे. आणि रोज तो, इथला तंत्रज्ञ, हातातले काम न थांबवता, डोळ्यांच्या कडेने, ते पाहत असे. दिवसभरात एवढी एकच गोष्ट अशी असे की जी कुणी त्याच्याकडे तपासायला म्हणून पाठवलेली नसे.

आज मात्र त्याने त्यातली एक नळी उचलून खिडकीसमोर धरली होती. तळाशी गोठलेल्या रक्ताचा काळपट बुंधा, मध्ये जेलचा पांढुरका पडदा, आणि वर पेरभर सीरम, रक्तावर सुटलेले पाणी… फिकट, वाळल्या गवताच्या काडीच्या रंगाचे. ऊन त्यातून आरपार गेले आणि त्याच्या मनगटावर पिवळसर ठिपका होऊन उतरले. त्याने नळी तिरकी केली. सरळ केली. पांढऱ्या कागदापुढे धरली. त्याला गुलाबी छटा हवी होती. अगदी पुसट चालली असती. रंग जाणारे कापड धुताना शेवटच्या पाण्यात उरते तेवढी.

मशीनच्या पडद्यावर तांबड्या चौकटीत आकडा उभा होता. पोटॅशियम : सहा पूर्णांक आठ. पाचाच्या अलीकडेपलीकडे थांबायला हवे होते ते. पण पोटॅशियम हे मोठे लबाड प्रकरण. रक्तातल्या पेशी नळीत फुटल्या की त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर सांडते, सीरम गुलाबी होते, आणि मशीन बिचारे सांडलेलेही इमानाने मोजते. सुई बारीक होती, पिस्टन जोरात ओढला, नळी हिंदकळली, दंडाचा पट्टा फार वेळ आवळला, कशानेही असे होते. नमुना बिघडतो आणि माणूस तिकडे ठणठणीत हिंडत असतो. या खोलीत नव्याने येणाऱ्याला पहिल्यांदा शिकवतात ते हेच, की पोटॅशियम वाढलेले दिसले तर आधी नमुन्यावर संशय घ्यावा, माणसावर नंतर.

हा नमुना त्याच्या वडिलांचा होता.

“काय रे, नळीतून भविष्य बघतोयस का?” मागून आवाज आला. शेजारच्या ओट्यावर काम करणाऱ्या तिला सगळे रेडिओ म्हणत. ती बंद झालेली कुणी ऐकली नव्हती. “माझं लग्न कधी ठरतंय तेवढं सांग.”

“दिसत नाही,” तो म्हणाला.

“लग्न की भविष्य?”

त्याने हसल्यासारखे केले आणि आकड्यापुढची ‘थांबवा’ ही कळ दाबली. तांबडी चौकट आली की ताबडतोब मॅडमना सांगायचे, हा नियम त्याने स्वतःच कितीतरी जणांना समजावून सांगितला होता, आवाज न चढवता, कारणांसकट. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर. त्यांच्या सहीवाचून इथून कागद हलत नसे. त्या अजून आल्या नव्हत्या. फोन करता आला असता. पण बिघडलेल्या नमुन्यासाठी फोन कशाला… त्याने नळी पुन्हा मशीनमध्ये लावली.

मूठ. हो, मूठच असणार. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाबांनी बाही वर सारून दोन्ही हात पुढे केले होते — “घे, कुठला आवडतो तो घे.” जन्मभर जिने घडवलेल्या सुताराचे हात. वय झाले तरी शिरा अशा वर आलेल्या की डोळे मिटून सुई घालावी. आणि तो पट्टा बांधतो न बांधतो तोच त्यांनी मूठ वळायला आणि सोडायला सुरुवात केली, जोराने, रंधा धरल्यासारखी, आणि सारखी आपली चालूच ठेवली. मूठ अशी वळली की हाताच्या स्नायूंतले पोटॅशियम रक्तात उतरते, आकडा फुगतो. हे त्याला माहीत होते. ‘बाबा, मूठ नका वळू’ एवढे म्हणायला हवे होते. पण त्या हाताला इतक्या दिवसांनी काही काम मिळाले होते, त्यात इतका उत्साह होता… त्याला तसे म्हणवले नव्हते.

म्हणजे चूक त्याचीच. हा विचार आला आणि त्याला चक्क बरे वाटले.

काही दिवसांपूर्वी बाबांना ताप चढला होता, लघवीला जळजळ. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिले आणि म्हणाले होते, यांची ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, तेव्हा मध्ये एकदा किडनी आणि पोटॅशियम बघून घ्या. तुमचा मुलगाच लॅबमध्ये आहे, मग काय! ताप लवकर उतरला. जळजळ थांबली. जीव भांड्यात पडला. गोळ्यांचा कोर्स तेवढा पुरा करायचा राहिला होता, आणि तो बाबा नेमाने करीत होते. अर्धवट सोडलेले काम त्यांना कधीच आवडले नव्हते.

फक्त पाय. ताप गेला आणि पाय जड झाले.

पण त्यांनी ते पायांबद्दल म्हटलेच नव्हते. ते जिन्याबद्दल म्हणाले होते. “आपल्या मजल्याच्या खालची ती पायरी उंच झालीय.” झालीय कशी, पायरी काय वाढते? “मग आधीपासून असेल. कुणा उंटावरच्या शहाण्याने बांधलाय हा जिना. एक पायरी करंगळीच्या नखाएवढी जरी जास्त झाली तरी डोळ्याला दिसत नाही, पण पायाला कळतं.” एका संध्याकाळी त्यांनी मापाची टेप काढायला लावली. तो पायरीपायरीवर उकिडवा बसून मापे सांगत होता आणि बाबा वर कठड्याला धरून उभे. सगळ्या सारख्या निघाल्या. बाबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “टेप ताणली गेलीय.” तो हसला होता. बाबाही हसले होते. दोघे हसत हसत वर गेले. मध्ये बाबा थांबले, आणि तोही थांबला, आणि दोघांनी खिडकीतून खालच्या रस्त्यावरची गाडी लावण्याची कुणाचीतरी धडपड फार वेळ, फार रस घेऊन पाहिली.

आई गेल्यापासून ताई दर रविवारी फोन करी. ती दूरच्या शहरात, तिचे घर मोठे, शिवाय लिफ्ट. “बाबांना माझ्याकडे पाठव. तू दिवसभर बाहेर, एकटा काय काय बघशील?” आणि तो म्हणे, “मी आहे ना.” तीनच शब्द, पण ते त्याने वर्षानुवर्षे एकावर एक असे रचले होते, की आता त्यांची भिंत झाली होती, आणि भिंतीच्या आत दोघे होते… सकाळचा चहा, रेडिओवरच्या बातम्या, बाबांची टेबलाचे पाय हलतात म्हणून कुरकुर, संध्याकाळी दार उघडले की आतून येणारी हाक — “आले का साहेब?” या एका हाकेसाठी माणूस दिवसभर कुणाशी न बोलता राहू शकतो, हे ताईला कसे सांगायचे? सांगण्याजोगे ते नव्हतेच.

मशीन थांबले. सहा पूर्णांक आठ.

साहजिक आहे, त्याने स्वतःला समजावले. नमुना तोच, तर आकडाही तोच येणार. ज्यातले पोटॅशियम आधीच ठाऊक असते असे द्रव त्याने मशीनला लावून पाहिले. मशीनने ते बिनचूक सांगितले. साहजिक आहे. मशीनवर संशय नव्हताच कुणाचा… मी काही लपवत नाहीये, मी फक्त खात्री करून घेतोय. घाईघाईने बोलणारी माणसे मला आवडत नाहीत. मी आधी पाहतो, मग पुन्हा पाहतो, मला सगळे याचसाठी नावाजतात. दुपारी घरी जाईन, मूठ वळू न देता हळूच रक्त घेईन, आकडा साडेचार येईल, आणि मी बाबांना सांगेन, तुम्ही आज मला घाबरवलंत. ते म्हणतील, तू लहानपणापासूनच भित्रा…

त्याने बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन घरी फोन लावला. फार वेळ वाजला.

“काय करताय, बाबा?”

“काय करणार? श्वास घेतोय. फुकट आहे म्हणून.”

“पाय कसे आहेत?”

“आहेत. दोन्ही आहेत, सकाळी मोजले.”

“चेष्टा नको ना.”

“अरे, ओल्या लाकडासारखे झालेत. उचलले तर उचलतात, पण मनापासून नाही.” मग दुसऱ्याच कुणाची तक्रार सांगावी तसे : “छातीत मधूनच एक ठोका गळतो. गळतो आणि मग घाईने येतो, उशीर झालेल्या कामगारासारखा.”

“आत्ता?”

“आत्ता नाही. बरं, मी जरा खाली जाऊन पेपर आणतो.”

“नको. मी आणतो येताना.”

“तू आणशील तोवर बातम्या आंबतील. ठेव फोन, कामावर आहेस तू.”

त्याने फोन ठेवला. पॅसेजच्या टोकाला रक्त द्यायला आलेली माणसे बाकावर बसली होती. कुणी दंडावर कापूस दाबून, कुणी अजून बाही खाली सोडलेली. एक बाई पर्समधून आरसा काढून जीभ बघत होती. सगळे किती शांत होते. आपल्यातून काढलेले ते चमचाभर आत नेऊन त्याचे काय करतात याची कुणालाच फारशी उत्सुकता नव्हती. आत जो कुणी असेल तो बघेल आणि सांगेल, एवढाच त्यांचा साधा विश्वास. तो पाण्याच्या यंत्रापाशी गेला, पेला भरला, आणि न पिता तसाच परत आत आला.

मॅडम आल्या होत्या. पडद्यापुढे उभ्या, चष्मा कपाळावर.

“हा सहा-आठ कुणी अडवून ठेवलाय?”

“मी. नमुना बिघडलाय, मॅडम. पुन्हा घेतो.”

त्यांनी स्टँडमधली नळी उचलली, एकदाच पाहिली. खिडकीकडे गेल्या नाहीत. “यात काय बिघडलंय?”

“मूठ फार वळली होती.”

“कुणी?”

रेडिओ त्या क्षणी गप्प झाली हे त्याला जाणवले.

“बाबांनी.”

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आवाज चढवला नाही; चढवला असता तर बरे झाले असते. औषधे कोणती? त्याने सांगितले. अँटिबायोटिकचे नाव ऐकताच त्यांनी मान हलवली, ब्लडप्रेशरच्या गोळीचे ऐकून पुन्हा. “किडनी?”

“थोडी हळू. वयामानाने…”

“वयामानाने. अशक्तपणा?”

“पाय जड म्हणतात. जिना…”

“घरात मीठ कोणतं?”

प्रश्न इतका घरगुती होता की त्याला आधी कळलाच नाही. आणि मग कळला. ब्लडप्रेशर निघाले तेव्हा तोच दुकानात जाऊन कमी सोडियमचे मीठ घेऊन आला होता. निळ्या अक्षरांचे पाकीट. बाबांना ते मुळीच रुचले नव्हते — “फार शिष्ट मीठ आहे हे. दोनदा बोलावल्याशिवाय येत नाही.” म्हणून ते प्रत्येक घासाला दोनदा बोलावीत, ताटावर पुन्हा पुन्हा भुरभुरवीत. आणि तो समोर बसून पाहत असे आणि त्याला वाटे, असू दे, हे मीठ चांगले आहे.

“सोडियम काढून त्या जागी काय घालतात, ते मी तुला सांगायचं?”

नको होते सांगायला. पाकिटावर छापलेले होते. त्याने वाचलेही होते. पण ते पोटॅशियम स्वयंपाकघरातले होते आणि हे प्रयोगशाळेतले, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तो रोज हात स्वच्छ धुऊनच जात असे.

“त्या अँटिबायोटिकने पोटॅशियम बाहेर जायचं दार ओढून घेतलं,” मॅडम म्हणाल्या, “बीपीच्या गोळीने वर कडी घातली, आणि तुम्ही आत भरत राहिलात. होतं असं. पुस्तकात आहे, तरी होतं.” मग त्यांनी नळी जागेवर ठेवली. “जा आता. आणि हे बघ, पुन्हा नमुना वगैरे घेत बसू नकोस. माणूसच घेऊन जा. सरळ हॉस्पिटलमध्ये. मी फोन करून ठेवते.”

“अरे, पाकीट राहिलं तुझं,” रेडिओ दारापर्यंत धावत आली आणि त्याच्या खिशात पैशांचे पाकीट कोंबून परत गेली.

टॅक्सीत बसल्यावर त्याला कळले की अंगात अजून पांढरा कोटच आहे. रस्त्यावर दिवस नेहमीसारखाच वर आला होता. कुणी दुकानाची काच पुसत होते, कुणी कुत्र्याला ओढत होते की कुत्रे त्याला. भीती वाटायला हवी, असे त्याच्या मनात आले. भीती नव्हती, एक विलक्षण रिकामी शांतता होती, जसे फार वेळ उचलून धरलेले काही खाली ठेवल्यावर हात आपोआप वर जातात तसे काहीतरी… त्या शांततेची त्याला मनातून लाज वाटली.

बाबा जिन्यात होते. त्यांच्या मजल्याच्या खालच्या वळणावर, भिंतीला टेकून बसलेले, मांडीवर पेपर उघडलेला. जणू जिना हे बसून पेपर वाचण्याचेच ठिकाण.

“आले का साहेब? आज लवकर?” त्यांनी कोटाकडे पाहिले. “आणि हे काय, गणवेशात?”

“बाबा, किती वेळ बसलाय?”

“पहिलं पान झालंय.” त्यांनी वरच्या पायरीकडे हनुवटीने खूण केली. “हीच ती. मी सांगत होतो.”

तो शेजारी बसला. त्यांचे मनगट हातात घेतले. ठोका संथ होता, फार संथ. मध्ये एक आलाच नाही, आणि त्या मोकळ्या जागेत सबंध जिना कान देऊन उभा राहिला. मग तो आला.

“चला.”

“वर नाही जमायचं रे आत्ता लगेच.”

“वर नाही. खाली. हॉस्पिटलमध्ये जायचंय.”

बाबांनी पेपरची घडी घातली, कड कडेला जुळवून. का, कशाला, काही विचारले नाही. “खाली ना? मग सोपं. खाली यायला कारागीर लागत नाही.” आणि आपला हात त्यांनी मुलाच्या मानेमागून टाकला. तो हात त्याला जड लागेल असे वाटले होते. जड होते ते बाकीचे सगळे. हात हलका होता, पोकळ, वाळून गेलेला.

हॉस्पिटलात सगळे वेगाने आणि फारसे न बोलता झाले. छातीला तारा लागल्या, कागदाची पट्टी सरकली, तिच्यावरच्या लाटांची शिखरे तंबूच्या खांबांसारखी उंच, टोकदार. तरुण डॉक्टरीण पट्टीकडे पाहत असतानाच नर्सने कॅल्शियमचे इंजेक्शन भरले होते. मग ग्लुकोज, त्यात इन्सुलिन. मग तोंडावर वाफेचा मास्क. गोळ्या बंद, अँटिबायोटिक बदलणार, मीठ बंद. हृदय सावरेल, पण पुढले काही तास नजर ठेवायची, आकडा उतरतो का ते पाहायचे, डॉक्टरीण म्हणाली. उतरतो का — उतरतो असे ती म्हणाली नाही. नाही उतरला तर डायलिसिस.

त्याने ताईला फोन केला. सगळे सांगितले, मिठाचेही.

ताई म्हणाली, “निघते मी. आणि या वेळी तुला विचारणार नाहीये. बाबांना घेऊनच जाणार.” तो नेहमी जे म्हणे त्याची ती वाट पाहत होती, तिचा श्वास फोनमध्ये अडून राहिलेला त्याला ऐकू आला.

“ये,” तो म्हणाला.

“बरा आहेस ना तू?”

“ये, ताई.”

आत परतला तेव्हा बाबांच्या तोंडावरचा मास्क काढला होता, आणि ते लगेच नर्सशी पलंगाच्या चाकांबद्दल बोलत होते. एक चाक तिरके बसलेय, सुताराला दाखवा. नर्स हसत सलाईनची गती पाहत होती. पडद्यावर हिरवी रेघ धावत होती. तिची टोके मघापेक्षा थोडी बसली होती, की बसल्यासारखी त्याला वाटत होती.

“लगेच आणलंत ते फार बरं केलंत,” नर्स त्याला म्हणाली. “लोक दोन-दोन दिवस अंगावर काढतात.”

“आणेल नाही तर काय,” बाबा म्हणाले. थकलेल्या आवाजात अभिमान होता, तो त्यांना लपवता येत नव्हता. “मुलगा लॅबमध्ये आहे माझा. त्याच्यापुढे खोटा आकडा टिकायचा नाही.”

त्याने चादर सारखी केली. सकाळी लवकर काढलेले रक्त, आणि दुपार होत आलेली. मधल्या वेळात त्याने कितीतरी गोष्टींवर संशय घेतला होता, सुईवर, मुठीवर, स्वतःच्या हातावर. किती काळजीने, किती शिस्तीने, कुणी पाहिले असते तर नावाजले असते. बाबांनी डोळे मिटले होते. त्यांचा हात चादरीवर उताणा, मूठ सोडलेला, आणि तो त्या हाताशेजारी आपला हात ठेवून उभा होता. शिवायचे की नाही हे त्याचे ठरत नव्हते. आणि कुणी काही न विचारता त्याच्या मनात एक वाक्य सरळ, साधे, त्याच्याच आवाजात उमटले, आणि त्याने ते अडवले नाही :

तो आकडा चुकीचा असेल असे त्याला सकाळपासून एकदाही वाटले नव्हते.